अफवेचा खुलासा कोणी करायचा?

सीएच्या निकालाचे दिवस जवळ आले की मुलांना ऐकवायचा उपदेश ठरलेला असतो. मोबाइल बाजूला ठेवा, कोणी काही सांगितले तर मनावर घेऊ नका, पेपर चांगले गेले असतील तर घाबरायचे कारण नाही, निकाल लागायचा तेव्हा लागेल. क्लासचे सर हे सांगतात, ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप चालू असते ते सीए सांगतात, वर्तमानपत्रांतून समुपदेशक सांगतात आणि घरची वडीलधारी माणसेही तेच सांगतात. सांगणाऱ्यांची तळमळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण या उपदेशाच्या पोटात एक आरोप आहे: अफवा पसरतात त्या मुलांच्या उतावळेपणामुळे, या पिढीला धीर म्हणून नाही, आणि मुलांनी मन आवरले की अफवाही थांबतील आणि घालमेलही. हा आरोप मला साफ नामंजूर आहे. निकालाआधीच्या अफवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मौनातून जन्माला येतात. ज्या माहितीवर उमेदवाराचे पुढचे सहा महिने ठरतात ती संस्थेकडे असते, आणि शेवटच्या काही दिवसांपर्यंत बाहेर येत नाही. ही कारभारातली उणीव आहे. तिचा ठपका बावीस-चोवीस वर्षांच्या मुलांच्या स्वभावावर ठेवणे अन्यायाचे आहे, आणि त्यात ज्यांनी उत्तर द्यायचे ते अलगद सुटतात.

कोपरसारख्या ठिकाणी हा अन्याय जास्त बोचतो. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले हे स्थानक. जलद लोकल इथे थांबत नाही, आणि मुख्य मार्गाच्या डोक्यावरच्या फलाटावरून वसई-दिवा मार्गाच्या गाड्या जातात. ठाण्याला, फोर्टला, अंधेरीला, लोअर परळला सीए फर्ममध्ये आर्टिकलशिपला जाणारी मुले-मुली रोज सकाळी इथे स्लो लोकलच्या गर्दीत स्वतःला कोंबून घेतात. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, डबा आणि एखादे मॉड्यूल असते. दिवसभर क्लायंटकडे ऑडिट, संध्याकाळी परतीची गाडी आणि रात्री अभ्यास, हा त्यांचा अनेक महिन्यांचा क्रम. डोंबिवली परिसरात बँकेत, विमा कंपनीत, सरकारी कचेरीत नोकरी करून घर उभे केलेल्यांच्या पिढ्या झाल्या. त्या घरांत ‘मुलगी सीए करतेय’ या वाक्याला मोठे वजन आहे. त्यामुळे परीक्षा संपल्यावर ‘लागला का गं निकाल?’ हा प्रश्न सोसायटीच्या जिन्यात, वाण्याच्या दुकानात आणि लग्नाच्या पंगतीत न चुकता येतो. तिच्याकडे त्याचे उत्तर नसते. निकाल कधी आहे, एवढेही तिला सांगता येत नाही. उपदेश करणारे हीच गोष्ट विसरतात: ती अधीर आहे असे आपण म्हणतो तेव्हा कोणत्या तारखेपर्यंत धीर धरायचा हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

निकालाची वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असाही एक समज या उपदेशामागे आहे. प्रत्यक्षात या दिवसांत उमेदवाराला एक अवघड निर्णय घ्यायचा असतो. सीए फायनल नव्या रचनेत सहा पेपरांची आणि दोन ग्रुपांची आहे. ग्रुप सुटायला प्रत्येक पेपरात किमान 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के, म्हणजे 300 पैकी 150 लागतात. एखाद्या पेपरात 60 मिळाले तर पुढच्या तीन अटेंप्टसाठी त्या पेपरातून सूट मिळते. आता पुढच्या अटेंप्टचा अभ्यास कशाचा करायचा? पहिला ग्रुप सुटला असे धरून दुसऱ्याचा, की दोन्ही पुन्हा? 2025 चे उदाहरण बघा. त्या वर्षापासून फायनल जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होऊ लागली. मेच्या परीक्षेत भारत-पाकिस्तान तणावामुळे 9 ते 14 मेचे पेपर पुढे ढकलावे लागले, ते 16 ते 24 मेदरम्यान झाले. निकाल 6 जुलैला लागला. सप्टेंबरच्या परीक्षेचा अर्ज जुलैतच भरायचा होता आणि परीक्षा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होती. म्हणजे सहा आठवडे अंधारात काढायचे आणि उजेड पडल्यावर तयारीला दोन महिन्यांहूनही कमी वेळ. निकाल 6 जुलैला आहे हे मेअखेरीस कळले असते तर प्रत्येकाने आपापली वाटणी केली असती: अमुक दिवस विश्रांती, अमुक दिवस ऑफिस, आणि तोवर दोन्ही ग्रुपांना उपयोगी पडेल असे वाचन. तारीख माहीत नसली की हे काहीच करता येत नाही. मग जो कोणी तारीख सांगेल त्याच्याकडे कान लागतात, आणि याला मी कानाचा हलकेपणा म्हणणार नाही. ज्याला आपले दिवस आखायचे आहेत तो मिळेल त्या माहितीवर आखणारच.

संस्थेची निकालाची सूचना कशी असते तेही पाहण्यासारखे आहे. ती निकालाच्या थोडेच दिवस आधी निघते, आणि निकाल अमुक दिवशी लागण्याची ‘शक्यता’ आहे अशा भाषेत. नोव्हेंबर 2024 च्या फायनलसाठी 26 डिसेंबरची संध्याकाळी उशिराची वेळ दिली होती. संध्याकाळी उशिरा म्हणजे किती वाजता, हे उमेदवाराने ठरवायचे. त्या संध्याकाळी घराघरांत काय चालते हे सांगायला नको: संकेतस्थळ उघडायचे, नोंदणी क्रमांक आणि रोल नंबर टाकायचा, पान अडकले की पुन्हा टाकायचा, आणि मधल्या वेळात मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर ‘लागला’, ‘नाही लागला’, ‘उद्यावर गेला’ असे संदेश येत राहायचे. यातला प्रत्येक चुकीचा संदेश एका साध्या वाक्याने थांबला असता: निकाल रात्री अमुक वाजता. त्याआधीच्या आठवड्यांत संस्थेच्या केंद्रीय परिषदेतल्या कोणा सदस्याने समाजमाध्यमावर अंदाज दिला की तो बातमी होतो, एका क्लासच्या सरांनी सांगितले की दुसरे सर त्याहून नेमके काहीतरी सांगतात. अधिकृत जागा रिकामी ठेवली की तिथे अनधिकृत माणसे येऊन बसतात.

अफवा आधी की भीती आधी, हा या वादातला कळीचा मुद्दा आहे, आणि त्यावर आपल्याच देशात फार जुना अभ्यास झालेला आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहार-नेपाळच्या भूकंपाने मोठा संहार केला. त्यानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने, जिथे धक्का जाणवला पण पडझड फारशी झाली नाही अशा भागातल्या अफवा गोळा केल्या आणि 1935 मध्ये त्यावर लेख लिहिला. वाचलेल्या माणसांनी दिलासा देणाऱ्या गोष्टी पसरवाव्यात असे आपल्याला वाटेल. तिथे पसरत होते ते उलट: याहून मोठा धक्का बसणार, आणखी संकटे येणार. पुढे 1952 मध्ये दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवांचा अभ्यास केला. प्रत्यक्ष नुकसान डोळ्यांसमोर असलेल्या त्या भागात तशा वाढवून सांगितलेल्या, भविष्यातल्या अरिष्टाच्या अफवा दिसल्या नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी या दोन अभ्यासांची सांगड घालून म्हटले की माणसाच्या मनात भीती आधी असते आणि तिला साजेसे कारण दिसत नसते, तेव्हा तो ते कारण अफवेतून पुरवतो. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी 1947 मध्ये तेच दुसऱ्या बाजूने मांडले: विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. ‘यंदा निकाल अगदीच कमी लागणार’ ही निकालाआधीची अफवा याच जातीची आहे. ती ऐकून मुलगा घाबरतो असे आपण समजतो. तो आधीपासूनच घाबरलेला असतो, आणि आपली भीती वेडगळ नाही याचा पुरावा त्याला त्या वाक्यात सापडतो. म्हणून मोबाइल काढून घेतला तर अफवा त्याच्यापर्यंत येणार नाही, भीती मात्र जिथल्या तिथे राहील.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे भूकंपाचे झाले, परीक्षेचे काय? परीक्षेचाही अभ्यास आहे, तोही नेमका व्यवसायाचा परवाना देणाऱ्या परीक्षेचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वकिलीच्या सनदेची परीक्षा दिलेल्या 230 कायदा पदवीधरांना निकालापर्यंतच्या सुमारे चार महिन्यांत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. मन दुसरीकडे वळवणे, आशा धरणे, वाइटाची तयारी ठेवणे, या सगळ्या युक्त्या करूनही त्या काळातला त्रास फारसा कमी झाला नाही असे त्यात दिसले. शिवाय ज्यांनी तो काळ काळजीत काढला त्यांनी पुढे आलेली बातमी, चांगली असो की वाईट, अधिक चांगल्या रीतीने पेलली. म्हणजे ‘मन रमव, विसरून जा’ हा सल्ला या परीक्षार्थींना तरी लागू पडला नाही, आणि काळजी करणारा उमेदवार दुबळा असतो हेही खरे निघाले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर या अभ्यासातून माझ्या बाजूलाही एक मर्यादा पडते. तारीख आगाऊ जाहीर केली म्हणून कोणाची छाती धडधडायची थांबणार नाही. वर्षांची मेहनत पणाला लागलेली असताना ती धडधडणारच. माझे म्हणणे एवढेच की परीक्षेची म्हणून जी काळजी आहे ती उमेदवाराची. तिच्यावर तारखेची, वेळेची आणि नियमांच्या अंधाराची जी भर पडते ती संस्थेची, आणि ही भर टाळता येते.

आता त्या अफवेकडे येतो जी कोपरच्या फलाटापासून दिल्लीच्या वसतिगृहापर्यंत दरवेळी सारखीच ऐकू येते: किती जणांना सोडायचे ते संस्था आधीच ठरवते, मागच्या वेळी जास्त सोडले म्हणून यंदा कापणार. ही अफवा आकड्यांवर घासून पाहू. दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी उत्तीर्णांचे प्रमाण मे 2023 ला 8.33 टक्के होते, नोव्हेंबर 2023 ला 9.42, मे 2024 ला 19.88, नोव्हेंबर 2024 ला 13.44 आणि मे 2025 ला 18.75. अफवा मानणारा 19.88 नंतरच्या 13.44 कडे बोट दाखवेल. पण मग 13.44 नंतर 18.75 कसे, आणि 8.33 च्या पाठोपाठ 9.42 इतके कमीच का, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. मे 2024 मधली उडी ज्या परीक्षेत दिसते ती नव्या रचनेतली पहिली परीक्षा होती, आठ पेपरांचे सहा झाले होते. परीक्षार्थी बदलले, अभ्यासक्रम बदलला, तर टक्केवारी बदलणारच. या आकड्यांतून कोटा सिद्ध होत नाही, आणि जी गोष्ट सिद्ध होत नाही ती सांगत सुटणे चूक आहे, हे विद्यार्थ्यांनाही स्पष्ट सांगायला हवे.

मात्र ही अफवा इतकी वर्षे टिकून का आहे? 1988 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स नियमावलीतला नियम 39 वाचला की कारण कळते. त्याचा दुसरा पोटनियम परिषदेला आपल्या विवेकाधिकारात सर्व उमेदवारांचे किंवा त्यांच्यापैकी एखाद्या गटाचे गुण बदलण्याचा अधिकार देतो. अशी तरतूद असण्यात गैर काही नाही. एखादा पेपर अवाजवी कठीण निघाला, दोन परीक्षकांच्या मोजमापात तफावत पडली, तर ती सावरायला काही मार्ग हवाच. पण तो अधिकार या वेळी वापरला की नाही, वापरला तर कोणत्या पेपरात आणि कशाच्या आधारे, हे निकालाबरोबर कोणी सांगत नाही. त्याच नियमाचा चौथा पोटनियम फेरतपासणीला बांध घालतो: पडताळणीत बेरीज आणि न तपासलेले उत्तर एवढेच पाहिले जाते, दिलेले गुण योग्य की अयोग्य हे नाही. 2019 च्या सप्टेंबरमध्ये देशभरातले सीएचे विद्यार्थी याच तरतुदीविरुद्ध रस्त्यावर आले होते, दिल्लीत संस्थेच्या मुख्यालयासमोर त्यांनी ठिय्या दिला होता. एका बाजूला गुण बदलण्याचा अधिकार, ज्याच्या वापराची वाच्यता नाही. दुसऱ्या बाजूला गुणांना आव्हान देण्याची वाट बंद. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तरुण कोट्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवतो, तेव्हा त्याच्या बुद्धीला दोष देण्याआधी त्याला काय काय कळू दिलेले नाही याची यादी करावी.

आणि आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. ज्या व्यवसायाचे दार या परीक्षेने उघडते तो व्यवसाय वेळेवर आणि सर्वांना एकाच वेळी माहिती देण्याच्या तत्त्वावर उभा आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने तिमाही निकाल 45 दिवसांत आणि वर्षाचे लेखापरीक्षित निकाल 60 दिवसांत द्यायचे, ज्या संचालक मंडळाच्या बैठकीत ते मंजूर होणार तिची तारीख बाजाराला आधी कळवायची, आणि आतल्या माणसाने ती माहिती कोणाच्या कानात सांगायची नाही, हे सेबीचे नियम आहेत. त्या निकालांवर सही करणारा लेखापरीक्षक सीएच असतो. सेबीने तर याच्याही पुढे जाऊन अफवेबद्दलच नियम केला. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्यांना 1 जून 2024 पासून आणि पहिल्या 250 कंपन्यांना 1 डिसेंबर 2024 पासून तो लागू झाला: प्रमुख माध्यमांत कंपनीविषयी अफवा आली आणि तिने शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर कंपनीने 24 तासांत तिला दुजोरा द्यायचा, ती नाकारायची किंवा खुलासा करायचा. या नियमामागचा विचार नीट पाहा. सेबीने गुंतवणूकदाराला असे सांगितले नाही की तू बातम्या वाचू नकोस, मन शांत ठेव, भाव व्हायचा तो होईल. ज्याच्याकडे खरी माहिती आहे त्याच्यावर बोलण्याचे बंधन घातले. कंपनीच्या शेअरच्या भावाला जे संरक्षण आपण रास्त मानतो ते उमेदवाराच्या वर्षांना का मिळू नये? कोणी म्हणेल, विद्यार्थी म्हणजे गुंतवणूकदार नव्हे. खरे आहे, त्याची स्थिती याहून अवघड आहे. गुंतवणूकदाराला एक कंपनी पटली नाही तर तो शेअर विकून दुसरीकडे जातो. या देशात सीए व्हायचे तर 1949 च्या कायद्याने उभी केलेली ही एकच संस्था आहे. जिथे जायला दुसरे दार नाही तिथे दारावरच्या माणसाची जबाबदारी वाढते.

संस्थेच्या बाजूने पहिला आक्षेप व्यापाचा येतो. लाखो उत्तरपत्रिका, देशभर विखुरलेले परीक्षक, वर्णनात्मक उत्तरे. नेमकी तारीख महिनाभर आधी कशी सांगणार? या कामाचा आवाका मी कमी लेखत नाही, आणि सहा ते आठ आठवड्यांत हा डोंगर उपसणाऱ्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण इतक्या नेमाने हे काम होत असेल तर तारीख सांगता येते, हेच त्यातून दिसते. ब्रिटनमधली एसीसीए ही हिशेबनिसांची संस्था जगभरच्या पाच लाखांच्या घरातल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा वर्षातून चारदा घेते, निकालाची तारीख फार आधी छापते आणि निकालाबरोबर प्रत्येक पेपराच्या उत्तीर्णांची टक्केवारी देते. इतके लांब जायचे नसेल तर आपल्याकडची गेट परीक्षा घ्या. 2025 ची गेट फेब्रुवारीत झाली. निकाल 19 मार्चला हे अर्ज भरतानाच ठाऊक होते, आणि तो 19 मार्चलाच लागला. गेटची उत्तरे संगणक तपासतो हे मान्य, पण मग वकिलीच्या सनदेची अखिल भारतीय परीक्षा पाहा. तीत शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात, एकही वर्णनात्मक उत्तर नसते. तरी 10 डिसेंबर 2023 च्या परीक्षेचा निकाल मार्च 2024 च्या अखेरीस आला. म्हणजे व्याप आणि तारीख यांचा संबंध सांगितला जातो तितका सरळ नाही. ज्यांना ठरवायचे असते ते ठरवतात. आणि नेमका दिवस खरोखरच देता येत नसेल तर निकाल अमुक तारखेच्या आत लागणार नाही, एवढे तरी सांगावे. त्या एका ओळीने महिनाभराच्या अफवा पोटातच मरतील.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: तारीख जाहीर केली आणि चुकली तर गहजब होईल, त्यापेक्षा न सांगितलेली बरी. मुंबई विद्यापीठाचे 2017 साल या आक्षेपाच्या पाठीशी उभे केले जाते. ठाण्या-कल्याणच्या कॉलेजांतल्या मुलांना ते साल विसरणे शक्य नाही. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची पद्धत पुरेशा तयारीशिवाय एकदम सगळ्या परीक्षांना लावली, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका त्यात अडकल्या, राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, त्यानंतर नव्या नव्या तारखा येत गेल्या आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. पण त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात नेमके काय बिघडले? तारीख सांगितली हे चुकले नव्हते. किती उत्तरपत्रिका शिल्लक आहेत, कोणत्या शाखेच्या, अडचण स्कॅनिंगची की परीक्षकांची, याचा भरवशाचा हिशेब न देता तारीख मागून तारीख दिली गेली. लोक चुकलेली तारीख सोसतात, तिच्यामागचे कारण दडवलेले सोसत नाहीत. तारीख लवकर आणली तरीही हेच होते. 2024 च्या नीटचा निकाल माहितीपुस्तिकेनुसार 14 जूनला होता. तो 4 जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी लावला गेला. पैकीच्या पैकी गुणांचे 67 उमेदवार आणि 1,563 जणांना दिलेले वाढीव गुण यांच्यावरून जो संशय पेटला त्यात या दहा दिवसांच्या घाईनेही तेल ओतले. ते वाढीव गुण नंतर रद्द करावे लागले आणि 23 जूनला त्या उमेदवारांसाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण अफवांविरुद्धच्या मोहिमा तिच्यावर पाय देऊन जातात. निकालाबद्दलची प्रत्येक कुजबुज खोटी नसते. महाराष्ट्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेत गुण वाढवून मिळतात असे कोणी 2020 मध्ये म्हटले असते तर त्यालाही अफवा न पसरवण्याची समज मिळाली असती. डिसेंबर 2021 मध्ये पुण्याचे सायबर पोलीस म्हाडाच्या नोकरभरतीतल्या पेपरफुटीचा माग काढत असताना जानेवारी 2020 च्या टीईटीचा घोटाळा उघड झाला, राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली, आणि पुढे 7,800 हून अधिक उमेदवारांवर परिषदेला कारवाई करावी लागली. सीए परीक्षेची तुलना मी त्या प्रकरणाशी करत नाही. तसा कोणताही पुरावा नाही, आणि या परीक्षेची जी प्रतिष्ठा आहे ती मिळवलेली आहे. माझा मुद्दा असा की खऱ्या तक्रारीला आणि वावड्यांना एकाच ‘अफवा’ या शब्दाने झोडपले की खरी तक्रार करणाराही गप्प होतो. दोन्ही वेगळ्या करायच्या तर त्याला एकच साधन आहे, संस्थेने उघड ठेवलेली माहिती. जिथे पडताळायला काही असते तिथे खोटे लवकर पडते.

विद्यार्थ्यांच्या बाजूचीही एक चूक दाखवून द्यायला हवी. खोट्या परिपत्रकाचे चित्र बनवणे, त्यावर संस्थेचे बोधचिन्ह चिकटवणे, आणि न पडताळता ते पुढे ढकलणे हा गुन्हा आहे, त्याला चिंतेची सबब चालणार नाही. अशा परिपत्रकांबद्दल संस्था इशारे देते ते योग्यच आहे. जास्त दोष मात्र त्या क्लासवाल्यांचा, ज्यांना निकालाच्या तारखेवरचा प्रत्येक व्हिडिओ म्हणजे पुढच्या बॅचची जाहिरात वाटते. घाबरलेल्या मुलाच्या घाबरण्यावर हजेरी वाढवणारा शिक्षक आपल्या पेशाशी बेइमानी करतो. तरीही त्याचा बाजार चालतो तो अधिकृत दुकान बंद असल्यामुळे, हे पुन्हा सांगावे लागते.

कायद्याची दिशाही याच बाजूची आहे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा माहिती अधिकारातला हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये मान्य केला. पाठोपाठ 2 सप्टेंबर 2011 ला सीए संस्थेच्याच अपिलावर निकाल आला. परीक्षकांना दिलेल्या सूचना गोपनीय ठेवण्याचे संस्थेचे म्हणणे न्यायालयाने उचलून धरले, आणि ते बरोबरच होते; तपासणीची गुप्तता मोडावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्याच निकालपत्रात न्यायालयाने या संस्थेचे नाव घेऊन सांगितले की परीक्षा घेणाऱ्यांनी जुनी मनोवृत्ती सोडावी आणि जास्तीत जास्त माहिती उघड करण्याच्या नव्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे, विनाकारण गुप्ततेला आता जागा नाही. निकालाची तारीख, निकालाची वेळ, प्रत्येक पेपराची उत्तीर्णांची टक्केवारी आणि नियम 39 खाली गुण बदलले की नाही याची एक ओळ, यातली कोणती गोष्ट सांगितल्याने परीक्षेची गुप्तता मोडते? एकही नाही. कोणा परीक्षकाचे नाव फुटत नाही, कोणती आदर्श उत्तरपत्रिका बाहेर जात नाही, खर्चही वाढत नाही.

हे बदल घडवण्याचा अधिकार विद्यार्थ्यांकडे नाही, तो सदस्य सीएंकडे आहे. संस्थेची केंद्रीय परिषद आणि मुंबईतली पश्चिम विभागीय परिषद सदस्यांच्या मतांनी निवडली जाते, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली शाखांच्या हद्दीत अशी हजारो मते आहेत. यातले अनेक मतदार कधीकाळी याच लोकलने आर्टिकलशिपला गेलेले आहेत. पुढच्या निवडणुकीत उमेदवार तुमच्या ऑफिसात मत मागायला येतील, तेव्हा त्यांच्याकडून एवढे लेखी घ्या: परीक्षेच्या अर्जावर निकालाची तारीख आणि वेळ छापण्याचा ठराव तुम्ही परिषदेत मांडाल का? जो हो म्हणेल त्याला मत द्या, आणि तो निवडून आला की पहिल्या परीक्षेच्या अर्जावर ती तारीख आहे का ते स्वतः उघडून बघा.